काचफुंकणीचा स्टुडिओ वर्ग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठवड्याला तीन तासांचं एक सत्र, असे आठ महिने. पहिल्या दिवशी घरी नेलेल्या रंगीत गोळ्यावरून या वर्गाची पारख करू नका. त्या गोळ्याचं निम्मं काम शिक्षकाच्या हातचं असतं. चौथ्या महिन्यात तुमचा साधा पेला टेबलावर न डुगडुगता उभा राहतो का, ते बघा.

कौतुक सगळं फुंकण्याचं होतं, पण कस लागतो तो फिरवण्यात. भट्टीतली काच ११०० अंश सेल्सियसच्या आसपास काकवीसारखी वाहती असते. फुंकनळीचं टोक आधी मंद लाल होईपर्यंत तापवायचं, नाहीतर काच धरत नाही. मग दोन-तीन वेढे घेऊन, नळी फिरवतच बाहेर यायचं. हात क्षणभर थांबला की गोळा खाली ओघळतो, पुढे बुडबुडा मध्यावरून सरकतो, आणि पेल्याची एक बाजू जाड तर दुसरी पापुद्र्यासारखी होते. ही चूक नंतर कुठल्याही हत्याराने पुरती निघत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे नुसते भरीव पेपरवेट करून घेणारा वर्ग कंटाळवाणा वाटला, तरी आमचं मत त्यालाच.

फुंकेचं तंत्र त्यामानाने थोडकं आहे. मार्व्हर, म्हणजे पोलादी पत्र्याचं टेबल, त्यावर गोळा लोळवला की वरची साल गार होते. नळीत एक छोटी फुंक मारून अंगठ्याने लगेच तोंड दाबायचं. कोंडलेली हवा तापून फुगते आणि बुडबुडा आपोआप दिसू लागतो. हवा नेहमी सर्वांत गरम जागेकडे जाते, त्यामुळे आकार ठरतो तो कुठली जागा गरम ठेवली यावर. दुसऱ्यांदा काच घेण्याआधी बुडबुड्याची लाली पूर्ण ओसरू द्या. घाई केली तर तो भट्टीतच चपटतो.

आकार देण्यासाठी पाण्यात भिजवलेले फळझाडाच्या लाकडाचे ब्लॉक असतात आणि ओल्या वर्तमानपत्राची तळहाताएवढी घडी. काच आणि कागद यांच्यामध्ये वाफेचा थर राहतो, म्हणून हात भाजत नाही. घडी सुकली की मात्र चटका बसतो. नळीजवळ मानेची खाच जॅक्सने, म्हणजे दोन पात्यांच्या मोठ्या चिमट्याने पाडायची, पात्यांना मधमाशीचं मेण लावून. खाच खोल नसेल तर पेला नळीवरून सुटताना वाटेल तसा फुटतो.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो पंटीवर. पेल्याचं तोंड उघडायचं तर त्याला तळाकडून दुसऱ्या सळईवर घ्यावं लागतं, तीच पंटी. सळईच्या टोकाची काच फार गरम असली तर ती तळाशी एकजीव होते आणि काढताना तळाचा टवका उडवते. फार गार असली तर पेला जमिनीवर. टोक निमुळतं करून, लाली जेमतेम उरली असताना तळाच्या मध्यावर टेकवायचं, खाचेवर पाण्याचे दोन थेंब, नळीवर लाकडाची एक टिचकी. पहिल्या तीन महिन्यांत हे निम्म्या वेळा फसलं तरी चालेल. शिक्षक दरवेळी कारण सांगतो ना, एवढं पाहा. पंटीभोवती गोल तडा गेला, तर तोंड तापवण्याच्या नादात तळ गार पडला असं समजा.

झालेली वस्तू सुमारे ४८० अंशांच्या अ‍ॅनीलरमध्ये, म्हणजे काच हळूहळू गार करणाऱ्या भट्टीत जाते आणि रात्रभर सावकाश निवते. बाहेरचा भाग आधी आकसला की आत ताण साठतो, आणि धडधाकट दिसणारा पेला काही दिवसांनी आपोआप तडकतो. जाड पेपरवेटला पातळ पेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. रंगकाचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर फुगण्याचं आणि निवताना आकसण्याचं प्रमाण, भट्टीतल्या काचेशी जुळायलाच हवा. घरून बाटल्यांचे तुकडे आणून वापरू देणारा स्टुडिओ टाळा. तापलेले रंग वेगळेच दिसतात. खरा लाल दुसऱ्या दिवशीच कळतो.

मराठी माणसाला काच माहीत आहे ती कारखान्यातली: तळेगावचा १९०८ चा पैसा फंड, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. छोट्या भट्टीवर एकट्या कलावंताने काम करायचं, ही वाट अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात १९६२ मध्ये हार्वे लिटलटन यांनी घेतलेल्या कार्यशाळांनी मोकळी केली. आजचे हे वर्ग त्याचंच फळ, आणि ही वाट आपल्याकडेही रुळावी असं मनापासून वाटतं.

पैसे भरण्याआधी विचारा: काम करायच्या एका बाकावर किती जण? दोघांपेक्षा जास्त असतील तर हात फारसा बसत नाही. आळीपाळीने मदतनीस व्हायला मिळतं का? दुसऱ्याच्या कामात वेळेवर फुंक देताना काचेचा मऊपणा जितका कळतो, तितका स्वतःच्या कामात कळत नाही. सुती कपडे आणि बंद बूट घाला, नायलॉन मुळीच नको. ते वितळून कातडीला चिकटतं. पाण्याची बाटली दोन लिटरची न्या.