४५ लाखांच्या आशेत ५,८५,००० गेले

खोटे फायनान्सर कसे गाठतात हे मला माहीत होतं. तरीही फसलो. तुमची फिल्म अडकलेली असेल तर वाचा.

उरणच्या मिठागरांवरची माझी फिल्म. जानेवारी २०१८ मध्ये शूटिंग सुरू केलं. मीठ पावसाआधीच पिकतं, एक मोसम हुकला की वर्ष गेलं. अकरा दिवसांचं काम उरलं असताना मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. पुन्हा कॅमेरा लावेपर्यंत बालकलाकाराला मिसरूड फुटलं होतं. त्याचे सगळे सीन नव्या मुलाला घेऊन केले, त्यात बायकोचे दागिने मोडले. एडिट झालं, पण साउंड आणि डीआयला, म्हणजे रंग सुधारण्याच्या कामाला, पैसे नाहीत. सरकारी अनुदान मागायचं तर आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःला फायनान्सर म्हणवणारा हा माणूस भेटला. त्याने अख्खा रफ कट, म्हणजे फिल्मचा कच्चा एडिट, पाहिला, शेवटच्या सीनला डोळे पुसले. सात वर्षांत माझं काम इतक्या आस्थेने कुणी पाहिलं नव्हतं. मी त्या आस्थेला भुललो, पैशाच्या हावेला नाही.

४५ लाख देतो म्हणाला. आधी फाइलचे ७५,०००. मग फिल्मच्या मूल्यांकनाचे १,१०,०००. मग करारनाम्याच्या मुद्रांक शुल्काचे २,४०,०००.

इथे, इथेच मी थांबायला हवं होतं! मुद्रांक शुल्क सरकारजमा होतं, ग्रास या सरकारी पोर्टलवर चलन निघतं. त्याने दिला होता एका बाईच्या बचत खात्याचा नंबर. घर घेताना मी स्वतः चलन भरलंय. बँकेत स्लिप भरताना ते नाव दोनदा वाचलं, आणि सही केली. शेवटी टीडीएसचे १,६०,०००. टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, घेणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही. हे कळत असूनही भरले, कारण आधीचे बुडतील ही भीती.

नातेवाईक मूर्ख म्हणतात. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली त्याचं कौतुक हेच लोक करतात.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." दुसऱ्या खेपेला, "त्याचं ऑफिस अंधेरीला, तिकडे जा." तिकडचे म्हणाले, "तुम्ही राहता तिथे तक्रार द्या." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, तेही तीन महिन्यांपूर्वी. बँकेने खातेदाराची माहिती गोपनीय म्हणून हात वर केले. चोराची गोपनीयता जपायची, माझी सात वर्षं गेली तरी चालतील? हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून न्या. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोच ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा, माझ्यासारखे लाजेने गप्प बसू नका.

पाच खेपांनंतर माझ्याकडे फक्त अर्जाची पोच आहे. गुन्हा दाखल नाही. आणि रफ कट कुणालाही वॉटरमार्कशिवाय, म्हणजे चित्रावर नावाची खूण उमटवल्याशिवाय, देऊ नका. माझा तसाच दिला होता, तो अजून त्याच्याकडे आहे.