दादरची रविवारची ऑलिम्पियाड बॅच: शिकवणी चोख, उत्तरसूची मात्र तपासून घ्या

दादर पश्चिमेच्या एका क्लासची ही गणित ऑलिम्पियाडची बॅच. इथे फक्त एका प्रकरणाबद्दल: एकच क्रिया पुन्हा पुन्हा केल्यावर बेरीज कमीत कमी किती होईल?

नोट्समधला मुख्य प्रश्न २०१४ च्या आयएमओ (आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड) शॉर्टलिस्टमधल्या, म्हणजे परीक्षेसाठी विचारात घेतलेल्या प्रश्नांच्या यादीतल्या, सी-२ या प्रश्नाची छोटी आवृत्ती आहे. चार चिठ्ठ्या, प्रत्येकीवर १. कुठल्याही दोन उचला, त्यांची बेरीज करा आणि तीच दोन्हींवर लिहा. असं चारदा. दर वेळी सगळ्यात लहान दोन उचलल्या तर २,२,१,१; मग २,२,२,२; ४,४,२,२; शेवटी ४,४,४,४, म्हणजे सगळ्यांची बेरीज १६. एकाच जोडीला धरून बसलात तर १६,१६,१,१, म्हणजे ३४.

बरीच मुलं १६ वर थांबतात. आयओक्यूएममध्ये, म्हणजे देशातल्या पहिल्या पात्रता फेरीत, ते खपतं, तिथे फक्त उत्तराचा आकडा भरायचा असतो. त्यापुढच्या आरएमओ या प्रादेशिक फेरीत ‘याहून कमी का नाही?’ याला गुण असतात, आणि सर इथेच पाऊण तास देतात, तो वसूल आहे. युक्ती अशी: बेरजेकडे बघू नका, सगळ्या चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांच्या गुणाकाराकडे बघा. क आणि ख यांच्या जागी दोनदा क+ख येतो. (क+ख)² हा ४कख पेक्षा कधीच लहान नसतो. म्हणजे दर क्रियेला गुणाकार निदान चौपट. चार क्रियांनंतर तो किमान २५६, मग एएम-जीएमने (सरासरी ही भूमितीय मध्यापेक्षा कधीच लहान नसते; सगळे आकडे सारखे असले तरच दोन्ही समान) बेरीज किमान ४×४ = १६.

गडबड पुढच्या सरावात आहे. तीन चिठ्ठ्या, तीन क्रिया. उत्तरसूची म्हणते १२. गुणाकार किमान ६४, म्हणून बेरीज किमान १२, इथवर बरोबर. पण १२ यायला तिन्हींवर ४ हवा, आणि क्रियेनंतर दोनच चिठ्ठ्या सारख्या होतात. तिसरीवर ४ उरवून बाकीच्या दोघींवर ४ आणता येत नाही. सगळे मार्ग तपासले की खरं उत्तर १३ निघतं: ५,५,३. छापणाऱ्याने समानता कधी येते हे पाहिलंच नाही, आणि परीक्षेत मुलंही नेमकी तिथेच घसरतात.

खोली अरुंद आहे, मागून फळ्याची डावी बाजू दिसत नाही. नोट्सची झेरॉक्स फिकट, घातांक चष्मा लावूनही कळत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकांचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात.