खापरपणजोबांचा शोध: नामावळी, दप्तर की दगड?

वंशावळ काढायची म्हणून कोणी विचारायला आलं, की मी आधी उलट विचारतो: तुला नावं हवीत, तारखा हव्यात, की कचेरीत दाखवायला शिक्क्याचा कागद? बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. मग नाशिकला जाऊन आलेला माणूस तारखांसाठी हळहळतो आणि तहसीलचे चार हेलपाटे घातलेला पाचवी पिढी सापडत नाही म्हणून चिडतो. दोघेही चुकीच्या दारात उभे असतात.

नावांसाठी पहिलं दार तीर्थोपाध्यायांचं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, जिथे आपल्या घरातलं कोणी विधीला किंवा यात्रेला गेलं असेल तिथे. गाव आणि आडनाव सांगायचं. ते ज्या उपाध्यायांकडे असेल त्यांच्या घरून बाड निघतं. या नामावळीत यजमान कधी आला, बरोबर कोण होतं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा खाली त्या माणसाची सही असते. माझ्या पणजोबांची सही मी अशीच पाहिली. बोरूचा फराटा, शेवटचं अक्षर कागदाबाहेर जाता जाता सावरलेलं. घरात त्यांचा फोटो नाही, त्यामुळे तो फराटा मी बराच वेळ बघत बसलो. पिढ्यांची साखळी एकाच बैठकीत, तीही इतकी मागे नेणारा दुसरा कागद सर्वसाधारण शेतकरी घराला मिळत नाही.

पण ही वही यात्रेची आहे, जन्माची नव्हे. आजोबा अमुक साली आले होते, एवढंच ती सांगते. जन्मले कधी, गेले कधी, हे तिच्या कामाचं नव्हतं. जे आले नाहीत, ते त्यात नाहीत. शिवाय ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वहीत प्रत्येक समाजाची नोंद सारखी भरगच्च असेल असं धरून चालू नये. महार वतनदारांच्या वंशजांनी तर आधी वतनाचे सरकारी कागद बघावेत. १९५८च्या कायद्याने ती वतनं गेली, पण वतन कोणाचं आणि वारस कोण, हे लिहिल्याशिवाय सरकारचं चालत नव्हतं.

तारखा हव्या असतील तर तहसीलच्या दप्तरातला गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंद. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडते. इथे मी स्वतः आपटलो. जन्माच्या पानांवर आजोबांचं नाव तीन दिवस शोधत होतो आणि मिळेना. मग लक्षात आलं, खबर दिली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं! रकान्यात बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा'. म्हणून शोधायचं ते बापाचं नाव. घरात चार मुलगे असतील तर चार वेळा 'मुलगा' येतो, मग शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून आपला कोणता ते ठरवायचं. मात्र शाळेत १ जून ही जन्मतारीख दिसली की सावध व्हा. ती अनेकदा आईने सांगितलेली नसते, गुरुजींनी सोयीने टाकलेली असते. दोन्हींत फरक पडला तर मी कोतवाल बुकावर भरवसा ठेवतो. ते घटनेच्या लगेच नंतर लिहिलं जायचं.

जातीच्या दाखल्यासाठी शोध असेल तर प्रश्नच नाही, दप्तरच. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि कोतवाल बुकातली जातीची नोंद तिथे कामाला येते. नामावळी जोडायला हरकत नाही, पण तिच्या एकटीच्या जिवावर जाऊ नका. हवी ती नोंद दिसली की त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. पुढच्या खेपेला ते पान तसंच असेल याची खात्री नाही. आमच्या तालुक्यात एका अख्ख्या वर्षाला वाळवी लागली होती.

सातबारा आणि फेरफार तिसऱ्या क्रमांकावर. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव आणि त्याच्यामागे कोण राहिलं हे एका दमात मिळतं, आणि 'आपले अभिलेख'वर बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार घरबसल्या दिसतात. दोष एकच, पण मोठा: १९५६च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली बहुधा नसतातच. विधवा दिसते, 'सखूबाई भ्रतार रामा' अशी. तिच्या तीन लेकी कुठे गेल्या ते कागद सांगत नाही. आजीच्या बाजूचा शोध इथे बहुतेक थांबतोच.

जुनं दप्तर मोडीत असतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि हात न उचलता ओढलेली अक्षरं एकमेकांत शिरतात, म्हणून नाव वाचताना अंदाज बांधू नका, जाणकाराला दाखवा. सनांचाही घोळ आहे. शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली म्हणजे महसुली सन असेल तर ५९०, शुहूर म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन असेल तर ५९९, की इसवी सन मिळतो. वर्ष मध्येच बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक राहतो. शके १८०० आणि फसली १३०० ऐकायला पाचशे वर्षं दूर वाटतात, प्रत्यक्षात अंतर बारा वर्षांचं. पुण्याच्या पेशवे दप्तराच्या वाटेला मात्र घरात वतन किंवा इनाम असेल तरच जा. इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबित करायला लोकांनी वंशावळी दिल्या होत्या. हक्क मिळवण्यासाठी दिलेली वंशावळ आहे, हे वाचताना विसरू नये.

आता दगड. हिंदू घरांना याचा उपयोग फारसा नाही. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, बहुधा अक्षरच नसतं, त्यामुळे 'हा आमचाच पूर्वज' हे गावाच्या सांगण्यावर. ख्रिस्ती आणि बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांसाठी गोष्ट वेगळी. कोकणातल्या बेने इस्राएल थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठीही असते, आणि हिब्रू सनातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो. मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागेअभावी कबर पुन्हा वापरतात, दगड जातो. चर्चच्या दफन-नोंदवहीत नाव राहतं. म्हणून तिथे आधी वही, मग दगड. दगडावरचं वय मागे राहिलेल्यांनी आठवून सांगितलेलं असतं, पाच वर्षं इकडे-तिकडे धरा. अक्षर पुसट असेल तर ऊन तिरपं असताना जा, नाहीतर बाजूने बॅटरी धरा. खडू, चुना, तारेचा ब्रश काही लावू नका.

मी स्वतः आता आधी नामावळी बघतो, मग त्यातली नावं घेऊन कोतवाल बुकात शिरतो. उलट केलं तर चारशे पानांत कोणता रामा आपला हे कळायचं नाही, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच भावकीत पाच रामा निघतात. दाखल्याची घाई असेल तर हा क्रम मोडा आणि थेट तहसीलला जा. आणि कुठेही जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला विचारा, गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं. जुना गठ्ठा अजून त्या तालुक्यातही पडलेला असू शकतो.