लायन रॅम्पन्ट : 8 महिने, 19 डाव आणि जागचे न हलणारे घोडे

लायन रॅम्पन्ट हा टेबलावर छोट्या पुतळ्यांनी (फिगर्सनी) खेळायचा मध्ययुगीन लढाईचा खेळ. त्यात गेल्या रविवारी माझे सहा नाइट (चिलखती सरदार, इथे घोड्यावरचे) सलग चार पाळ्या टेबलाच्या कोपऱ्यात ढिम्म उभे राहिले. 24 पॉइंटांच्या पथकात 6 पॉइंट खाणारी तुकडी, आणि काम काय, तर शोभेचं! समोरचे काका (आमच्याच गल्लीतले निवृत्त पोस्टमन, नॉटिंगहॅमचे) चहा पीत माझी फजिती बघत होते. त्या रात्री चिडून हे लिहायला घेतलं.

नियम बहुतेकांना माहीत असतील. माझ्याकडे नियमांच्या पुस्तकाची 2014 ची पहिली आवृत्ती आहे, तीही सेकंडहँड. नवी आवृत्ती घ्यायची नाही असं मी ठरवलंय, कारण जुनी अजून फाटलेली नाही.

माझं भांडण एकाच नियमाशी आहे. तुकडी हलवायची तर आधी दोन फासे टाकायचे, आणि आकडा जमला नाही की फक्त ती तुकडी थांबत नाही, अख्खी पाळीच संपते. घोडेस्वार नाइटांना नुसतं चालायला दोन्ही फाशांची बेरीज 7 किंवा जास्त लागते. म्हणजे 36 पैकी 15 वेळा फसणार. पहिल्या दोन महिन्यांत मी वहीत नोंदी ठेवल्या, की पुस्तकातलं गणित खरं आहे की माझे फासेच खोटे आहेत. फासे खरे निघाले. मग राग कोणावर काढायचा?

तिसऱ्या महिन्यात अक्कल आली. मी सवयीने आधी नाइटांना हात घालायचो. तिरंदाजांना बाण सोडायला 6 पुरतात, तेव्हा आधी ते, मग पायदळ, आणि हे हट्टी घोडे सगळ्यात शेवटी. इतकं साधं. पण नाइट रंगवायला सहा संध्याकाळी घातल्या की माणसाला त्यांनाच पुढे काढावंसं वाटतं. (बायको म्हणाली, "घोडे झाले असतील तर मागचं कुंपणही रंगवून टाक." कुंपण अजून तसंच आहे.)

त्यातच क्रेसीच्या इंग्रज-फ्रेंच लढाईबद्दल वाचलं. 1346 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य दिवस कलताना मैदानावर पोचलं. आज थांबू, उद्या लढू, असं ठरत होतं. पण मागचे पुढे जायला बघत होते, पुढचे मागे हटायला तयार नव्हते, आणि राजा फिलिपचं ऐकतंय कोण! फ्रेंचांनीच भाड्याने आणलेले जिनोआचे आडधनुष्यवाले मागे फिरले तर नाइटांनी त्यांच्याच अंगावर घोडे घातले. हे वाचून मी नियमाची ती ओळ पुन्हा पाहिली : शत्रू टप्प्यात आला की घोडेस्वार नाइटांना हल्ल्याचा फासा टाकावाच लागतो, तुमची इच्छा असो वा नसो. आणि त्याला 5 पुरतात. चालायला सांगा, नखरे. मारामारी दिसली की मात्र न सांगता सुटतात! खेळाच्या लेखकाने सरदारांचा स्वभावच फाशात उतरवलाय. इथे माझं मत बदललं, निम्मं तरी.

फुशारकीचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून आवडला. डावाआधी अमुक करून दाखवीन म्हणून बढाई मारायची. जमलं तर मान वाढतो, नाही तर कमी होतो. काकांनी मारलेल्या बढाया खऱ्या होतात. माझ्या होत नाहीत.

फिगर्सबद्दल थोडं. 28 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या आहेत, चेहरे सुरेख. भाले मात्र रडके. डब्यातून काढताना दोन वाकले, तिसरा बाहीला अडकून मोडला. दुकानाला ईमेल केला तर उत्तर आलं की भाले नाजूकच असतात. बावीस पौंड, म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये, आणि वर हे ज्ञान! शेवटी अंगण झाडायच्या झाडूचे नायलॉनचे तंतू कापून लावले. वाकतात, पण मोडत नाहीत. एकूण खर्च शून्य.

मोडलेले तुकडे फेकवेनात. प्वातिएच्या लढाईत, 1356 मध्ये, फ्रेंच नाइटांना घोड्यावरून उतरवलं तेव्हा भाले कापून पाच फुटांचे करायला सांगितले होते, असं त्या काळचा बखरकार फ्रॉइसार लिहितो. ते तुकडे मी तीन पायी नाइटांच्या हातात चिकटवलेत. गोंद वाळतोय. काकांना यातलं काही सांगितलेलं नाही.