एअर फ्रायरचे डोनट आणि कंपनीची टोपी

चार लिटरच्या एअर फ्रायरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता, असं विचाराल तर मी कॉइल म्हणणार नाही, पंखाही म्हणणार नाही. आतल्या जाळीच्या कडेला बसवलेल्या चार रबरी टोप्या! नखाएवढ्या. जाळी भांड्यात घट्ट बसावी आणि भांड्याचं कोटिंग खरवडू नये, एवढ्यासाठी त्या असतात. माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नाही, खोक्यावरच्या चित्रात त्या दिसत नाहीत. त्यातली एक माझ्या डोनटच्या बुडाला चिकटून सासूबाईंच्या ताटात गेली. त्यांनी खाण्याआधी उलटून बघितलं म्हणून निभावलं.

बाकी वॅट, लिटर, तापमान वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडून देते. माझं फिरवायच्या दोन बटणांचं साधं मॉडेल आहे, ऑफरमध्ये साडेचार हजारांना पडलं. घेतलं ते डोनटसाठीच. मॉलमध्ये एका डोनटला जे पैसे मोजावे लागतात त्यात घरी घाणाभर होतात. आणि कढईत तळले की अर्धा लिटर तेल उरतं, त्यात सुटलेला मैदा तळाशी जळून बसतो. ते तेल टाकवत नाही, वापरवतही नाही. हॉटेलवाल्यांना तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात तयार होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. घरी कोण मोजायला येतंय, पण काळं पडलेलं तेल फोडणीला घालायला हात धजत नाही.

सुरुवातीचे घाणे वाईट होते. तेव्हाच हे लिहिलं असतं तर पाचपैकी दीड तारा देऊन मोकळी झाले असते. नेटवरच्या अमेरिकन कृतींमध्ये बिस्किटाच्या (म्हणजे तिकडच्या मऊ, पावासारख्या बिस्किटाच्या) तयार कणकेचा डबा फोडायचा, मध्ये भोक पाडायचं आणि आत ढकलायचं, झाले डोनट. तो डबा नाशिकच्या किराणा दुकानात मागून बघा. मग यीस्टचं पीठ मळून, कृतीत लिहिल्याप्रमाणे १८० अंशांवर आठ मिनिटं ठेवले. वरून तपकिरी, खालून पांढरे, आतून कोरडे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर भोक पाडलेला बनपाव!" खरंच होतं ते. तळलेल्या डोनटच्या कमरेला जो फिकट पट्टा असतो तो तेलात तरंगल्यामुळे येतो, तो इथे येणारच नाही. तेलात एकेक बाजू मिनिट-सव्वा मिनिटात होते, आतलं पाणी आतच राहतं आणि थोडं तेलही मुरतं. इथे गरम कोरडी हवा सारखी पाणी ओढत असते, म्हणजे वेळ जितका जास्त तितका डोनट कोरडा.

हे लक्षात घेऊन आकडे बदलले आणि माझं मतही बदललं. आता असं करते: पाव किलो मैदा, दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, अडीच टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, १२० मिली कोमट दूध, दोन टेबलस्पून दही (आमच्याकडे सासूबाई अंडं खात नाहीत) आणि ३० ग्रॅम मऊ लोणी. दुधात बोट सहज ठेवता आलं पाहिजे. चटका बसण्याइतकं गरम दूध यीस्टला मारतं. पीठ हाताला चिकटतं तसंच राहू द्यायचं. कोरडा मैदा भुरभुरवत बसलात की पुन्हा बनपाव. दहा मिनिटं मळायचं, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, अर्धा इंच जाड लाटायचं, वाटीने कापायचं, मधलं भोक बाटलीच्या झाकणाने. कापल्यावर पुन्हा अर्धा तास फुगू द्यायचे. ही दुसरी फुगवण गाळणाऱ्यांनी मला मेसेज करून डोनट दगड झाले म्हणून सांगू नये.

मशीन तीन मिनिटं रिकामं तापवून १७० वर फक्त पाच मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला उलटायचे. बाहेर आले की लगेच, गरम असतानाच, वितळलेलं लोणी ब्रशने दोन्ही बाजूंना. हे लोणी चैन म्हणून नाही. पृष्ठभाग कोरडा असतो, त्यामुळे दालचिनी-साखर नुसती टाकली तर ताटात गळून पडते. इतकं सगळं धरूनही लोणी कढईतल्या तेलाच्या पासंगाला पुरत नाही. आठ डोनटना दोन घाणे, तापवण्यासकट पंधरा मिनिटं, म्हणजे दीड हजार वॅटच्या मशीनला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही.

बटर पेपर लावत असाल तर रिकामं मशीन तापवताना आत ठेवू नका. वजन नसलेला कागद पंख्याच्या हवेने उडून कॉइलला लागतो. ग्लेझसाठी मिक्सरमधली पिठीसाखर चालते, पण ती दाताखाली लागते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं, म्हणून ती नीट बसते. एक वाटीला दोन चमचे दूध, तिसरा घालायच्या आधी थांबा.

नाशिकच्या डिसेंबरात पीठ तासाभरात फुगत नाही. ओट्यावर ठेवलं तर रात्रीपर्यंत वाट बघा. मशीन ८० वर मिनिटभर चालवून बंद करायचं, हात घालून फक्त ऊब जाणवली की भांडं आत. या एका कामासाठी मी त्याला अर्धा तारा जास्त देते.

घाई असेल तर यीस्टच नको. एक वाटी मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाऊण वाटी चक्का, दोन टेबलस्पून साखर, मळलं की लगेच कापायचं. पाडव्याला श्रीखंड करून चक्का उरला होता, त्यातून हे सुरू झालं. मऊ होतात, पण पोत केकच्या जवळचा आणि चव किंचित आंबट, त्यामुळे ग्लेझ हवंच. मुलीला हेच जास्त आवडतात. मला नाही.

आता टोपीचं. जाळी धुताना टोप्या सैल होतात, मग भांडं उलटं केलं की जाळी डोनटसकट ताटात आपटते. कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, ती ऍक्सेसरी आहे, वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सुटी मिळत नाही, पूर्ण भांडं घ्यावं लागेल, अठराशे रुपये." मशीनच्या किमतीच्या चाळीस टक्के, नखाएवढ्या रबरासाठी! तक्रार नोंदवली की संध्याकाळी मेसेज यायचा, 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे.' कोणी सोडवली, कधी, देव जाणे. भांडी बाजारात कुकरच्या रिंगा विकणाऱ्या काकांकडे जाळी घेऊन गेले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, साधं रबर घातलंत तर दोनशे डिग्रीला वास मारेल. सिलिकॉनचंच लागतं, माझ्याकडे नाही." कंपनीच्या अख्ख्या कॉल सेंटरपेक्षा त्यांना जास्त माहिती होती.

शेवटी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, बिलाचा फोटो आणि जुने तक्रार क्रमांक देऊन नोंद केली. त्यानंतर कंपनीचा सूर एकदम मऊ झाला आणि टोप्यांसकट नवी जाळी फुकट घरी आली. त्याबद्दल आभार वगैरे मानणार नाही. पहिल्याच फोनला द्यायची वस्तू होती. जुन्या जाळीच्या उरलेल्या तीन टोप्या काढून मसाल्याच्या डब्याशेजारी डबीत ठेवल्या आहेत. जाळी आता सिंकमध्ये घासत नाही, कोमट पाण्यात भिजवून स्पंजने पुसते, आणि प्रत्येक घाण्याआधी चार मोजते. स्वयंपाकाच्या यंत्राची अशी हजेरी घ्यावी लागणं मला मान्य नाही. त्याचा एक तारा कापलाच आहे.

डोनटना चार, मशीनला तीन, कंपनीला शून्य.

घेणार असाल तर घरातली माणसं मोजून घ्या. चार लिटरच्या भांड्यात एका वेळी फुगलेले चारच डोनट बसतात, आणि हे डोनट तासाभरातच खायचे असतात. सकाळपर्यंत ठेवलेले १५० वर दोन मिनिटं गरम करावे लागतात. आम्ही सहा जण आहोत. पहिल्या घाण्याचे खाऊन झालेली मंडळी दुसऱ्या घाण्याला पुन्हा हजर असतात, आणि करणारीच्या वाट्याला मधून कापून काढलेले गोळे येतात. ते १७० वर तीन मिनिटांत होतात.