फाटलेल्या टेंडनवर पैसे कुठे घालावेत: बर्फाचे बूट, इंजेक्शनं आणि वर्षभराची सोनोग्राफी

घोड्याच्या पुढच्या पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गेला की पहिल्या पंधरा दिवसांतच मालकाचा खिसा हलका व्हायला लागतो. कोणी बूट सुचवतं, कोणी लेझर, कोणी थेट स्टेम सेल (नवा ऊतक घडवू शकणाऱ्या मूळ पेशी). पुढे सहाव्या-सातव्या महिन्यात घोडा सरळ चालताना दिसतो आणि तिथे मात्र सोनोग्राफीच्या स्कॅनचे पैसे वाचवले जातात. खर्चाची ही वाटणी नेमकी उलटी आहे. या दुखापतीसाठी विकत मिळणाऱ्या वस्तू आणि सेवा त्याच नजरेने तपासल्या आहेत.

इथे विषय सुपरफिशियल फ्लेक्सर टेंडनचा, म्हणजे नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागे अगदी कातडीखाली, हाताला लागतो त्याचा. शर्यतीच्या घोड्यात बहुतेक वेळा तोच, नळीच्या मध्यावर फाटतो. भरधाव पळताना त्याचा गाभा ४५ अंशांपर्यंत तापतो, रक्तपुरवठा बेताचाच असतो आणि धागे आतून तुटतात. भरून येतं ते मूळच्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजनने (धाग्यांच्या प्रथिनाने) नाही, तर बराच काळ तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनने. हा व्रण ताकदीला ठीक असतो, पण ताणाला ताठ. म्हणून पुढची दुखापत बऱ्याचदा जुन्या व्रणाच्या जरा वर किंवा जरा खाली होते, नाहीतर दुसऱ्याच पायात. नुसत्या विश्रांतीनंतर शर्यतीला परतलेल्या घोड्यांत पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आढळलं आहे. बाजारातल्या प्रत्येक वस्तूला प्रश्न एकच विचारायचा: हा ताठपणा आणि ही पुन्हा फाटण्याची शक्यता ती कमी करते का?

बर्फाचे बूट

पहिल्या दोन-तीन दिवसांत गारव्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. एका वेळी २० ते ३० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मात्र बूट आणि बूट यांत फरक आहे.

जेल पॅकचे वेल्क्रो बूट सगळ्यात जास्त खपतात आणि सगळ्यात जास्त निराश करतात. फ्रीजरमधून काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे मध्ये पातळ ओलं फडकं ठेवल्याशिवाय तो कातडीवर लावता येत नाही. त्याच पॅकचा गारवा मे महिन्यातल्या पुण्याच्या उकाड्यात वीस मिनिटंही टिकत नाही. कडक गोठलेला पॅक टेंडन आणि नळी यांच्यामधल्या खोलगट भागात बसत नाही, मागच्या कडेला टेकून राहतो. घोड्याने पाय आपटला की बूट खाली सरकतो. मग सईस खालचा पट्टा आवळतो आणि सुजलेल्या टेंडनवर नेमका तिथेच वळ उठतो. कंपनाची पट्टी जोडलेले आइस-वाइबसारखे बूट यापेक्षा बरे बसतात. रोजच्या कामानंतर पाय गार करायला ते छान आहेत, ताज्या फाटलेल्या टेंडनवर कंपन नको.

गुडघ्याखालपर्यंत येणारे उंच बूट, ज्यांत बर्फाचा चुरा आणि पाणी भरतात, ते दिसायला ओबडधोबड पण कामाला पक्के. चुरा आणि पाणी दोन्ही हवं. नुसते खडे टाकले तर मध्ये हवा राहते आणि गारवा पायापर्यंत पोचत नाही. वितळत्या बर्फाचं तापमान शून्यावर थांबतं, त्यामुळे कातडी भाजायची भीती जेल पॅकपेक्षा खूप कमी. दोष एकच, खूरही तेवढाच वेळ भिजतो आणि रोजच्या भिजण्याने मऊ पडतो. पाय बाहेर काढला की खुराच्या मागची घडी कोरडी पुसायची, नाहीतर पावसाळ्यात तिथे भेगा आणि खपल्या ठरलेल्या. शांत घोडा असेल तर उंच रबरी बादलीतही हेच काम होतं.

गेम रेडीसारखी यंत्रं बर्फाचं पाणी पट्ट्यातून फिरवतात आणि सोबत हवेचा दाब देतात. टेंडनच्या गाभ्यापर्यंत गारवा नेण्यात ती भरवशाची आहेत. पण एका घोड्यासाठी हा सौदा परवडत नाही. वीस-तीस घोड्यांच्या तबेल्यात गोष्ट वेगळी. जुनं यंत्र घेताना नळीच्या जोडाला गळती आहे का आणि भुसा, केस अडकून वेल्क्रो निकामी झालंय का, एवढं आधी बघावं.

राहिली पाण्याची नळी. फुकट आहे, पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आधीच कोमट असतं. त्याने टेंडन गार होत नाही, फक्त ओला होतो. मातीचा लेपही कातडीपुरताच.

पैसे घालायचे तर बर्फ-पाण्याच्या उंच बुटांवर.

बँडेज

दोन बुटांच्या पैशात वर्षभराचा कापूस आणि पट्ट्या येतात, आणि त्या जास्त उपयोगी पडतात. गुडघ्याच्या खालपासून फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या सांध्याच्या) खालपर्यंत कापसाचा जाड, सपाट थर, त्यावर पट्टी प्रत्येक फेऱ्यात निम्मी चढवत. डाव्या पायाला घड्याळाच्या उलट, उजव्याला घड्याळाच्या दिशेने. ताण पुढे, हाडावर द्यायचा. मागे टेंडनवर कधीच ओढायचं नाही. गाठ किंवा चिकटपट्टीचा शेवट बाहेरच्या बाजूला. वरच्या कडेतून एक बोट सहज आत गेलं पाहिजे. रोज सोडून पाय तपासायचा आणि पुन्हा बांधायचं. कापूस पातळ आणि पट्टी आवळलेली, ही जोडी धडधाकट टेंडनलाही दुखापत करते. जोडीच्या चांगल्या पुढच्या पायालाही बँडेज हवं, कारण सगळा भार आता त्याच्यावर आहे.

सोनोग्राफी: सगळ्यात वसूल होणारा खर्च

दुखापत झाली त्याच दिवशी केलेला स्कॅन बहुधा फसवा निघतो. पहिल्या आठवड्यात आतली जखम वाढत असते, त्यामुळे ७ ते १० दिवसांनी केलेला स्कॅन हा खरा पाया. केस मशीनने काढलेले, घोडा चारही पायांवर सरळ उभा, आणि दोन्ही पुढचे पाय तपासलेले. ‘एकच पाय दुखतोय, एकच बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे दुसऱ्याची फी देऊन टाकावी, कारण दुसऱ्या पायातही लहानशी जखम सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

यंत्र ७.५ मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वरच्या सरळ प्रोबचं हवं. गाईंच्या गर्भतपासणीचा सरळ प्रोब मध्ये जेलची गादी ठेवून चालवून घेता येतो. पोटाच्या तपासणीचा गोल प्रोब इथे काही कामाचा नाही.

रिपोर्टमध्ये काय असावं, यावर घासाघीस करावी. गुडघ्यामागच्या हाडापासून किती सेंटिमीटर खाली मोजलं, प्रत्येक ठिकाणी टेंडनचं छेदक्षेत्र किती चौरस मिलिमीटर, त्यातला काळा (धागे तुटलेला) भाग किती टक्के, धाग्यांची रांग कशी, आणि आडवी-उभी दोन्ही चित्रं. ‘टेंडन सुधारतोय’ एवढ्या एका ओळीचे पैसे देऊ नयेत. तीन महिन्यांनी दुसरा डॉक्टर आला तर त्या ओळीवरून त्याला काहीच जुळवता येत नाही.

पुढचे स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी, आणि व्यायामाची प्रत्येक पायरी चढण्याआधी. छेदक्षेत्र मागच्या मापापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढलं असेल तर एक पायरी खाली उतरायचं, घोडा लंगडत नसला तरी. सूज आणि लंगडणं टेंडन भरून येण्याच्या कितीतरी आधी थांबतं. हातांना ते कळत नाही, स्कॅनला कळतं.

पीआरपी आणि स्टेम सेल

पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) घोड्याचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या कणांचा) दाट भाग स्कॅनमध्ये बघत थेट जखमेत सोडतात. काम एका दिवसात होतं. पण गाभ्यात पोकळी असेल तरच त्याला जागा मिळते. धागे सगळीकडे थोडेथोडे विस्कटलेले असतील तर जास्तीचं द्रव सोडून चांगले धागे आणखी फाकवण्यात अर्थ नाही. शिवाय प्लेटलेट किती दाट निघाले हे किटनुसार आणि घोड्यानुसार बदलतं. तो आकडा सांगणाऱ्या सेवेला पसंती द्यावी.

स्टेम सेलमध्ये छातीच्या हाडातून मज्जा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि साधारण एक कोटी पेशी जखमेत टोचतात. व्रण घट्ट होण्याआधी, म्हणजे महिनाभरात, हे व्हायला हवं. म्हणून मज्जा काढायचा निर्णय पहिल्या स्कॅनलाच घ्यावा लागतो. ब्रिटनमधल्या ११३ शर्यतीच्या घोड्यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात पुन्हा दुखापतीचं प्रमाण २७ टक्के निघालं. आकडा चांगला आहे, पण तुलना जुन्या नोंदींशी होती आणि व्यायामाचं वेळापत्रकही त्यासोबत होतंच. वेळापत्रक पाळायची तयारी नसेल तर हा खर्च करूच नये.

टेंडनमध्ये स्टेरॉइड कोणी सुचवलं तर सरळ नकार. सूज झटकन उतरते, पण धागे कच्चे राहतात आणि आत चुना (कॅल्शियम) साठू शकतो.

शॉकवेव्हचा (दाबलहरींच्या धक्क्यांचा) उपयोग सस्पेन्सरीच्या, म्हणजे नळीमागच्या खोलवरच्या लिगामेंटच्या, वरच्या टोकाला जास्त. त्यानंतर काही दिवस वेदना कमी भासते, त्या दिवसांत व्यायाम वाढवू नये. लेझर हाताशी असेल तर ठीक, त्यासाठी वेगळं बजेट नको. चुंबकाच्या पट्ट्यांवर एक ओळही जास्तच. आणि डाग देणं (तापलेल्या लोखंडाने पाय भाजणं): १९८३ सालच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधनात त्याचा फायदा दिसला नाही, आणि ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या संस्थेने १९९१ साली ते अनैतिक ठरवलं. डाग दिलेला घोडा बरा होतो तो त्यामुळे मिळणाऱ्या सक्तीच्या सुट्टीमुळे.

चालवण्याची सेवा

महिन्याच्या दरावर घोडा ठेवून घेणाऱ्या ठिकाणी गवत, गादी, पंखे सगळं दाखवतात. विचारायचं ते वेगळंच: रोज चालवणार कोण, किती मिनिटं, आणि वहीत लिहिणार का?

सर्वसाधारण वेळापत्रक असं असतं. सुरुवातीचे एक-दोन आठवडे तबेल्यात विश्रांती, मग हाताने धरून दहा मिनिटं चाल, सपाट, कडक, सरळ वाटेवर. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत तीन महिन्यांत ४०-४५ मिनिटांपर्यंत. स्कॅन चांगला आला तर चौथ्या महिन्यात त्याच वेळात पाच मिनिटं दुडकी (ट्रॉट), पुढे दर दोन आठवड्यांनी पाच-पाच मिनिटं जास्त. कँटर (हळू दौड) सातव्या महिन्याच्या आसपास, जोराचं काम नवव्या-दहाव्यानंतर, शर्यत वर्षाच्या आत नाही. ऑगस्टमध्ये पुण्यात टेंडन गेलेला घोडा येत्या नोव्हेंबरच्या मुंबई हंगामात आणायचा विचार सोडून द्यावा. पुढच्या वर्षीचा मुंबई हंगाम धरून चालावं, म्हणजे कोणालाच घाई होत नाही.

हे बिघडतं ते खुराकामुळे. काम बंद आणि ओट्स, हरभरा चालूच, अशा घोड्याला तिसऱ्या आठवड्यात बाहेर काढलं की तो दोन पायांवर उभा राहतो. दाणा पहिल्याच दिवशी कमी करायचा, वाळलेलं गवत भरपूर द्यायचं, लसूणघास मोजून. तरीही उसळत असेल तर सुरुवातीच्या चालींआधी डॉक्टरांकडून सौम्य गुंगीचं औषध घ्यावं. मोकळ्या कुरणात सोडणं सगळ्यात शेवटी. घोडा तिथे पहिल्या दहा सेकंदांत काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

फिरत्या वॉकर यंत्राने मजूर वाचतो, पण लहान गोलात पाय पिळवटतो. पहिले तीन महिने ते टाळावं. पोहण्याने दम वाढतो, टेंडनवर ताण येत नाही. म्हणूनच धोका आहे, कारण छातीचा दम पायांच्या ताकदीच्या पुढे निघून जातो. पाण्यातली ट्रेडमिल मिळाली तर पोहण्यापेक्षा ती बरी.

नालबंदाचा खर्च विश्रांतीच्या काळातही चालू ठेवायचा, दर चार-सहा आठवड्यांनी. टाच खचली आणि चवडा लांबला की टेंडनवरचा ताण वाढतो. टाचेखाली पाचर लावलेला नाल डीप फ्लेक्सरच्या (त्याच्या आतल्या, खोल टेंडनच्या) दुखापतीत उपयोगी, पण सुपरफिशियलच्या दुखापतीत त्याने भार उलट वाढू शकतो. कोणता टेंडन गेलाय हे नालबंदाला रिपोर्ट दाखवूनच सांगावं.

आणि ठेवून घेणाऱ्यांशी करार करताना एक अट आधीच घालावी: स्कॅनमध्ये माप वाढलं तर व्यायाम मागच्या पायरीवर जाईल आणि मुक्काम त्याच दराने लांबेल. सहा महिन्यांचं ठोक पॅकेज घेतलं की सहाव्या महिन्यात घोडा ‘तयार’ ठरवला जातो, मग त्याचा टेंडन काहीही म्हणो.