नागपूर–मुंबई एक तिकीट, मुंबई–फ्रँकफुर्ट दुसरे: १४ महिन्यांच्या वापरानंतर

वरूडजवळच्या आमच्या गावापासून नागपूरचा विमानतळ शंभरेक किलोमीटरवर आहे. तेथून परदेशात थेट जाणारी विमाने दोहा, शारजा अशा आखाती शहरांपुरतीच असल्याने, ज्यांची मुले युरोपात आहेत त्यांना एक तर ती वाट धरावी लागते किंवा आधी मुंबई-दिल्ली गाठावी लागते. आमची लेक फ्रँकफुर्टला असते. गेल्या १४ महिन्यांत आमच्या घरातून तिकडे तीन आणि तिच्याकडून इकडे एक अशा चार फेऱ्या झाल्या, आणि त्यांपैकी तीन वेळा नागपूर–मुंबईचे तिकीट एका कंपनीचे व मुंबई–फ्रँकफुर्टचे दुसऱ्या कंपनीचे असे वेगवेगळे काढले होते. पहिल्या फेरीनंतर लगेच लिहायला बसलो असतो तर या पद्धतीचे भरभरून कौतुक केले असते.

कारण उघड होते. नागपूर ते फ्रँकफुर्ट हे जाण्यायेण्याचे एकच तिकीट आणि तुकड्यांत काढलेली दोन तिकिटे यांत आम्हा दोघांचे मिळून १८ हजार रुपये वाचत होते. संत्र्याच्या आंबिया बहराचा हिशेब नुकताच हाती आलेला असताना १८ हजार रुपये सोडणे जिवावर येते. शिवाय ज्या संकेतस्थळावर पाहिले तेथे दोन्ही विमाने एकाच पानावर, एकाखाली एक, एकाच पेमेंटमध्ये दिसत होती, त्यामुळे हे एकच तिकीट आहे असा माझा पक्का समज झाला होता. पैसे भरल्यावर सहा अक्षरी पीएनआर दोन आले तेव्हाही मी त्याचा अर्थ लावला नाही. एकच पीएनआर असेल तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर पुढची सोय लावून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. दोन असतील तर पहिल्या कंपनीचे काम मुंबईला संपते, आणि दुसरीच्या लेखी तुम्ही मुंबईत राहणारे प्रवासी असता. नागपूरहून काय हालअपेष्टा सोसून आलात याच्याशी तिला कर्तव्य नसते.

हे मला पहिल्यांदा समजले ते नागपूरच्या काउंटरवर. बॅग काट्यावर ठेवताना मी सहज म्हटले की हिला फ्रँकफुर्टपर्यंत पाठवून द्या. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही तिकिटे पाहिली, छापून आलेला टॅग बॅगेच्या मुठीला गुंडाळला आणि त्यावरची तीन मोठी अक्षरे बोटाने दाखवली. ‘काकाजी, हे बीओएम आहे न, म्हणजे मुंबई. तिथं पट्ट्यावरून उतरवून घ्या अन् पुन्हा जमा करा.’ मी थोडा वाद घातला, पण तिचे म्हणणे बरोबर होते. दोन विमान कंपन्यांत सामान परस्पर पोचवण्याचा करार असेल तरच बॅग शेवटपर्यंत टॅग करता येते, आणि तसा करार असूनही तिकिटे वेगळी असतील तर पुष्कळ कंपन्या ते करत नाहीत. तेव्हापासून माझी सवय झाली आहे की टॅगवर एफआरए (फ्रँकफुर्ट) आहे की बीओएम, हे काउंटर सोडण्यापूर्वी स्वतः वाचायचे आणि त्याची पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवायची.

मुंबईचे प्रकरण नकाशावर दिसते त्याहून लांबते. आमचे देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरले आणि पुढचे विमान टर्मिनल २ वरून होते. दोन्ही एकाच विमानतळाचे भाग असले तरी त्यांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते अंतर मिनिटांत मोजता येत नाही. विमान जमिनीवर टेकल्यापासून दार उघडणे, पट्ट्यावर बॅगांची वाट पाहणे, टॅक्सी मिळवणे, टर्मिनल २ च्या दारावर सुरक्षा जवानांना पासपोर्ट आणि तिकीट दाखवणे असे करत आम्ही आंतरराष्ट्रीय काउंटरच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा दोन तास पाच मिनिटे झाली होती, आणि त्या दिवशी काहीही बिघडलेले नव्हते. काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतो. म्हणजे कागदावर पाच तासांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात दोनच तासांचे उरते. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही वाहतुकीस खुला झाला आहे, त्यामुळे देशांतर्गत तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय हे पाहिल्याशिवाय कोणी स्वस्ताच्या मोहात पडू नये; तेथून टर्मिनल २ गाठायचे म्हणजे खाडी ओलांडून अर्धी मुंबई पार करणे आले.

फार लवकर पोचण्यातही सुख नाही. आंतरराष्ट्रीय काउंटर बहुधा उड्डाणाच्या फक्त तीन-चार तास आधी उघडतो, तोपर्यंत सामान कोणी घेत नाही आणि चार बॅगा सांभाळत खुर्चीवर बसून राहावे लागते. पत्नीने त्या वेळात शेजारच्या गुजराती बाईंशी लोणच्याच्या मुरण्यावर सविस्तर चर्चा केली, एवढाच काय तो लाभ.

वेब चेक-इनविषयी आमच्याकडे एक गैरसमज आहे. ते झाले की काउंटरचे काम उरत नाही, असे मलाही वाटत होते. देशांतर्गत विमानाला आणि हातात फक्त सात किलोची पिशवी असताना ते खरे आहे. परदेशी विमानाला मात्र आमच्या मोबाईलवर बोर्डिंग पास आलाच नाही. कागदपत्रे काउंटरवर दाखवावीत असा संदेश आला. व्हिसा, परतीचे तिकीट आणि विमा पाहिल्याशिवाय कंपनी चढू देत नाही, कारण अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर दंड आणि परत आणण्याचा खर्च तिच्यावर पडतो. तेथील कर्मचारी प्रत्येक देशाचे नियम टायमॅटिक नावाच्या संगणकीय यादीत पाहून खात्री करतात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्याचा कागद मी छापून नेला होता आणि तो खरोखर मागितला गेला. लेकीचे पत्र, तिचा पत्ता व फोन एका कागदावर लिहून पत्नीच्या पर्समध्येही ठेवला होता. मोबाईलची बॅटरी संपल्यावर मराठी शाळामास्तरला इंग्रजीत पत्ता आठवत नाही, हा अनुभव आहे.

सामानाचा फटका सर्वांत जास्त बसतो आणि तो तिकिटांची तुलना करताना दिसत नाही. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय वजनाची मुभा नागपूरपासूनच लागू होते. आमच्या परदेशी तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग होती, पण स्वतंत्र देशांतर्गत तिकिटावर १५ किलोच. दोघांचे मिळून १६ किलो जास्त. घरी सामान आम्ही गावातल्या कृषी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजले, ज्यावर एरवी खताची पोती मोजतात. त्यावर बॅग २२ किलो ८०० ग्रॅम भरली तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘गुरुजी, एवढं काय भरून रायले, तिकडं काई भेटत नाई का?’ जास्तीचे वजन काउंटरवर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेतले तर स्वस्त पडते, हे लेकीने वेळेवर सांगितले म्हणून बरे. तरीही जाण्यायेण्याचे मिळून अकरा हजार केवळ वजनाचे गेले. खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्या लागल्या, कारण सुके खोबरे ज्वालाग्राही धरले जाते. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. दोन ठिकाणी सामान जमा करायचे म्हणजे दोन ठिकाणी बॅग उघडायला लावण्याची शक्यता असते, म्हणून शंका येण्याजोग्या वस्तू बॅगेत वरच्या बाजूला ठेवाव्यात.

परतीचा प्रवास त्या मानाने सोपा वाटला. फ्रँकफुर्टचे विमान मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरते आणि नागपूरची विमाने पहाटेपासून असतात. परदेशातून आल्यावर मुंबईतच इमिग्रेशन पार करून बॅग हाती घ्यावी लागते आणि कस्टममधून न्यावी लागते, तिकीट एक असो की दोन. त्यामुळे वेगळ्या तिकिटाचा तोटा येथे कमी जाणवतो. शिवाय नागपूरचे विमान चुकलेच तर नुकसान चार-पाच हजारांचे असते, लाखाचे नव्हे. दिवाळीला लेक-जावई लहान बाळाला घेऊन आले तेही असेच, आणि त्यांना काहीच अडचण आली नाही.

जानेवारीतली फेरी मात्र वेगळीच ठरली. तिकिटे काढल्यावर तीन आठवड्यांनी देशांतर्गत कंपनीने विमानाची वेळ एसएमएस पाठवून सव्वा तासाने पुढे ढकलली. मी फोन केला, सकाळचे विमान विनाशुल्क बदलून मिळाले आणि आता आठ तासांचे अंतर आहे म्हणून निर्धास्त झालो. त्या दिवशी नागपुरात लख्ख ऊन होते. पण जे विमान आम्हाला न्यायचे होते तेच उत्तरेतल्या धुक्यात अडकले होते, आणि फलकावरची वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकत राहिली. दोन तासांच्या वर उशीर झाल्यावर नियमाप्रमाणे खायला मिळाले. साडेपाच तास झाले तेव्हा माझे गणित संपले. काउंटरवरच्या तरुणाला मी फ्रँकफुर्टचे तिकीट दाखवले. तो नम्रपणे म्हणाला की ते आमच्या पीएनआरमध्ये नाही. रागावण्याजोगे त्यात काही नव्हते, तरी मी रागावलो.

त्या वेळी लेकीने जे केले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तिने मुंबईहून फ्रँकफुर्टचे विमान सुटण्याच्या आधीच त्या दुसऱ्या कंपनीला फोन करून तिकीट दुसऱ्या दिवसावर बदलून द्यायला सांगितले. विमान सुटेपर्यंत काहीच कळवले नाही तर प्रवासी नो-शो, म्हणजे न कळवता गैरहजर, धरला जातो, आणि जाण्याचा टप्पा न वापरल्यामुळे त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पाही रद्द होतो. मग हाती पडतात ते विमानतळाचे शुल्क आणि करांचे पैसे. आमची अडचण अशी झाली की मी आदल्या दिवशी उत्साहाने वेब चेक-इन करून ठेवले होते, आणि ते आधी मागे घेतल्याशिवाय तारीख बदलता येईना. फोनवर पाऊण तास गेला. बदलाचे शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून दोघांचे २३ हजार लागले, शिवाय अंधेरीतली एक रात्र. परत आल्यावर विम्याच्या कागदांत कनेक्टिंग विमान चुकल्याची भरपाई शोधली, तर ती एकाच तिकिटावरच्या प्रवासाला लागू होती. तसे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले होते. मी वाचले नव्हते.

जूनमध्ये नातवासाठी पत्नी एकटीच गेली तेव्हा पद्धत बदलली. तिकिटे वेगळीच ठेवली, पण नागपूर–मुंबई विमानाऐवजी आदल्या रात्रीच्या गाडीने मी तिला मुंबईला नेले. गाडीत वजनाचा जाच नाही, खोबरे सोडून सगळे गेले, आणि सकाळी उतरल्यावर रात्रीच्या विमानापर्यंत दिवसभराचा अवकाश मिळाला. दादरला भाच्याकडे आंघोळ, जेवण आणि दुपारची झोपही झाली. काउंटर उघडताच ती रांगेत पहिल्या दहांत होती. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून काही जण रात्रभर मोटारीने मुंबई गाठतात, पण रात्रभर जागलेल्या चालकाच्या भरवशावर विमान पकडणे मला पटत नाही.

हिशेब मांडला तर पहिल्या फेरीत १८ हजारांपैकी सामान, टॅक्सी व इतर खर्च जाऊन सहा हजार उरले, जानेवारीत सगळे धरून सुमारे २० हजार अंगावर आले. माझे मत असे झाले आहे की तरुण माणूस, सात किलोची एकच पिशवी आणि मुंबईत एक रात्र काढायची तयारी असेल तर वेगळी तिकिटे जरूर काढावीत. मोठ्या बॅगा घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्या आईवडिलांसाठी काढू नयेत. वाटेत तिसरा देश असेल तर मुळीच नाही, कारण तेथे बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचे म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी त्याचाही व्हिसा लागू शकतो.

गावात आता मला विचारतात की अमरावतीहूनच मुंबईचे विमान का घेत नाही. बेलोरा विमानतळावरून ही सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली, पण सुरू झाली तेव्हा ते छोटे एटीआर विमान आठवड्यातून तीनच दिवस होते. ते एकदा रद्द झाले की पुढचे एक-दोन दिवसांनी. मध्ये दोन रिकामे दिवस ठेवता आले तर जाईन; दिवाळीनंतरच्या फेरीत ते जमत नाही, म्हणून त्या वेळी नागपूरहून एकाच पीएनआरचे तिकीट काढले आहे.